नोटीस आली, आता आधी कॅव्हेट

प्रिय,

टेकडीच्या पायथ्याचा नाला बुजवल्याबद्दल लिहिलंस आणि बिल्डरच्या वकिलाची कोटींच्या अब्रूनुकसानीची नोटीस आली. आकडा बघून हबकू नकोस. नोटीस म्हणजे दावा नव्हे.

लोकहिताच्या लिखाणावरचे असे दावे सुरुवातीलाच निकालात काढणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. खोटा दावा टाकणाऱ्याकडून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35अ खाली भरपाई मिळते तीही फार तर 3,000 रुपये. एवढ्यानं कोण कचरेल? जे संरक्षण आहे ते याच संहितेत विखुरलंय आणि वेळेत मागावं लागतं.

भीती भरपाईपेक्षा एकतर्फी मनाईची बाळग. तुझं न ऐकताच लेख काढायचा हुकूम झाला, तर दावा रेंगाळेल तोवर लेख गायब. म्हणून याच आठवड्यात पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात कलम 148अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा आगाऊ अर्ज, लाव आणि बिल्डरला पोचपावतीसह टपालानं कळव. ते 90 दिवस चालतं, मग नव्यानं लावायचं. ज्या कोर्टात लावलं तिथंच ते उपयोगी; दावा मुद्दाम लांबच्या शहरात टाकला की इथंच घोळ होतो. तसं होऊन मनाई मिळालीच, तर आदेश 39 नियम 4 खाली ती उठवायचा अर्ज दे. ब्लूमबर्ग विरुद्ध झी या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 22 मार्च 2024 चा निकाल सोबत जोड. पूर्ण सुनावणीआधी लेखावर मनाई अपवादानंच द्यावी, असं त्यात म्हटलंय.

समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. मुदतवाढ मिळाली तरी 90 च्या पुढचा भरवसा धरू नकोस. माहिती अधिकारातल्या उत्तरालाही 30 दिवस लागतात, म्हणून 10 रुपयांचा अर्ज आजच कर. बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशाच्या प्रमाणित प्रती माग. फोटो काढलेला फोन विकू नकोस. नुसते स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

दिवाणी दाव्यात मजकूर खरा असणं हाच बचाव पुरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली फौजदारी तक्रार झाली, तर लोकहितही दाखवावं लागतं. तुझ्याकडे तेही आहे.

एक वाक्य मात्र खटकलं: ‘अधिकाऱ्यांनी पैसे खाल्ले.’ नाला बुजल्याचा फोटो आहे, पैशांचा कागद नाही. मूळ पान जपून ठेव, मग ते वाक्य काढ आणि खाली दुरुस्तीची तारीख टाक.