घरात सापडलेल्या जुन्या फोटोंवरून घराण्याचा इतिहास कसा जुळवायचा?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरचं जुनं घर उतरवताना माळ्यावर फोटोंची ट्रंक सापडली, त्यातल्या तिघाचौघांचीच ओळख पटते, वडील हयात नाहीत आणि कागद म्हणाल तर एक सातबारा. सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न.

कचेरीत नंतर जा. आधी नात्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं जा. कागद आणखी काही वर्षं रुमालात बांधलेले राहतील, त्या राहणार नाहीत. आमच्या घराण्याचं हे काम मी बरीच वर्षं करतोय. पुरुषांची नावं कुठल्या ना कुठल्या रजिस्टरात मिळतातच. बायकांची मिळत नाहीत. माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरी त्या कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणून राहिल्या. त्या फोटोत आहेत आणि एखाद्या आत्तीच्या आठवणीत आहेत, बस्स.

विचारताना "ही कोण?" एवढ्यावर थांबू नका. "असंल कोणतरी भावकीतली" असं उत्तर येतं. गळ्यातला साज कुणाचा, पुढं कुणाकडं गेला, हे विचारा. मग "तो थोरलीचा, मोडून धाकटीच्या लग्नात पाटल्या केल्या" असं बोलणं सुरू होतं आणि त्यातून अख्खं नातं उलगडतं. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. दोन म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवू नका. एकानं नाव घेतलं की दुसरा मान डोलावतो, आणि मग साक्षी दोन आहेत की एकच, ते कळत नाही. आणखी एक, लग्न होऊन गेलेल्या लेकी माहेरचा ग्रुप फोटो बरोबर न्यायच्या. तुमच्याकडचा नाव नसलेला फोटो गडहिंग्लज नाहीतर निपाणीच्या एखाद्या घरात नावांसकट भिंतीवर असू शकतो.

आता फोटो. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन करा. मागं बॅटरीचा उजेड तिरका पाडला की पुसट झालेली पेन्सिल उठून दिसते. चौकट उघडलीत तर आतला पुठ्ठा आणि रद्दी फेकू नका. फ्रेमवाले मागं जुनं वर्तमानपत्र घालायचे, त्यावरची तारीख म्हणजे त्या तारखेआधी ती चौकट बंद झालेली नाही. फोटो मात्र त्याहून कितीतरी जुना असू शकतो. महापुराचं पाणी लागून फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थरच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा.

कपड्यांवरून काळ ठरवताना जपून. गांधी टोपी दिसली तर फोटो साधारण 1920 च्या अलीकडचा. रंकाळ्याकाठी मागं शालिनी पॅलेस दिसला तर 1930 च्या दशकाआधीचा नाही. पण कोट आणि घड्याळ यांवर विश्वास ठेवू नका, ते स्टुडिओतही मिळायचे. आणि कोल्हापूर हे आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांचं, चित्रकारांचं गाव. ग्रुप फोटोतला एकच चेहरा मोठा करून त्यावर ब्रशनं काम करणारे कारागीर इथं होते. आमच्या सोप्यात पणजोबांचा कोटातला मोठा फोटो आहे. तोच चेहरा एका ग्रुप फोटोत मुंडासं आणि बंडीवर सापडला: मान तशीच डावीकडं कललेली, नाकाखालची सावलीही तीच. कोट सगळा ब्रशचा. तालमीतला फोटो असेल, कुणाच्या खांद्यावर गदा असेल, तर त्या पेठेतल्या तालमीत घेऊन जा. तिथल्या भिंतीवर तसेच फोटो असतात आणि नावं सांगणारी माणसं बसलेली असतात.

मग कागद. तुमच्या सातबाऱ्यावर वर्तुळात आकडे आहेत, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या एकेका बदलाचे. एकेकाची नक्कल तलाठ्याकडून किंवा तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून काढत मागं जा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले, तेव्हा गटाचा जुना सर्व्हे नंबर आधी मागून घ्या. वारसाचा फेरफार सगळ्यात मोलाचा. आमच्या अशा एका फेरफारात पणजोबा मयत, वारस दोन मुलं, अज्ञान (म्हणजे वयानं लहान), वयं 6 आणि 3, आणि पुढं "अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान पालन करणारी, म्हणून पणजीचं नाव आहे. सबंध कागदपत्रांत तिचं नाव आलंय ते एवढंच. आमच्याकडं एका बाईचा फोटो होता, कपाळ मोकळं, पदर पुढं ओढलेला, एक मुलगा खुर्चीला धरून उभा, दुसरा मांडीवर. मुलांची वयं बघून दोन्ही शेजारी ठेवले आणि मग गावाकडच्या आत्तीला फोटो दाखवला. तिनं मांडीवरच्या पोरावर बोट ठेवून "हा माझा बा" म्हटलं.

सातबाराच नसलेल्या घरांना शाळेचं जनरल रजिस्टर बघायला सांगतो. शाहू महाराजांनी संस्थानात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळं ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्यांच्या पोरांचीही नावं वडिलांच्या नावासह शाळेत चढली. जन्ममृत्यूसाठी गावचा नमुना नंबर 14 बघा, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात ही रजिस्टरं ठिकठिकाणी चाळून स्कॅन झालीत, त्या स्कॅनमध्येही शोधा. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं 1 मार्च 1949 ला. त्याआधीचे दरबारी कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत, बरेचसे मोडी लिपीत. मोडी वाचणारा गाठा, शक्य असेल तर स्वतः शिका. आपल्या गावाचं नाव ओळखण्याइतकं तरी लवकर जमतं. या कागदांत बऱ्याचदा आडनाव नसतं, "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" किंवा "मर्द" म्हणजे अमक्याची बायको. कागदावर जुन्या कालगणनेचं वर्ष असतं; इसवी सनासाठी शकात 78, फसलीत 590, सुहूरमध्ये 599 मिळवा, वर्षभर इकडंतिकडं होतं.

गावाकडच्या भावकीत हेळवी येतात का, हेही विचारा. सुगीनंतर येऊन ते घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, नवी नावं चढवून घेतात. त्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडं गाव आणि आडनाव सांगितलं तर नामावळीत एखाद्या पूर्वजाची स्वतःच्या हातची सही निघते. पण दोन्हीकडं पुरुषांचीच रांग. लेकीसुना तुम्हालाच भरायच्यात.

सगळं लिहून ठेवताना प्रत्येक नावापुढं खूण करा: कागदात पाहिलं, कुणी सांगितलं, की आपला अंदाज. अंदाज पुढच्या पिढीत पुरावा होऊन बसतो. फोटोच्या पाठीवर बॉलपेन नको, मऊ पेन्सिलनं कडेला लिहा.

तुमचं मूळ गाव करवीरमधलं, कागलचं की पन्हाळ्याचं, ते कळवा. त्या तालुक्यात अर्जात नेमकं काय लिहायचं ते सांगतो.