खानापूरची गोष्ट कोण छापणार?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवता, मुलांसाठी तीन गोष्टी लिहिल्यात, चित्रं भाच्यानं काढलीत. पुण्यातल्या एका प्रकाशनाकडं हस्तलिखित पाठवून आठ महिने झाले, तिकडून हूं की चूं नाही. दुसऱ्या एकानं ‘४५ हजार भरा, दोन महिन्यांत पुस्तक हातात देतो’ म्हणून सांगितलंय. आणि शेवटी विचारलंय, सीमाभागात बसून मराठी मुलांसाठी लिहिण्यात काही अर्थ आहे का?

पैसे भरू नका. ज्याचा नफा लेखकाच्या खिशातूनच आधी निघाला, त्याला पुस्तक विकायची गरजच उरत नाही. मग पाचशे प्रतींचे गठ्ठे तुमच्या माळ्यावर येतात आणि तिथंच राहतात. असे माळे मी बेळगावात दोन-तीन घरांत पाहिलेत, आणि त्या घरातल्या माणसानं पुन्हा लिहिलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. स्वतः छापायचंच असेल तर सरळ छापखान्यात जा, डिजिटल छपाईवर शंभर प्रती काढा. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकासाठी, कुणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्यालाही मिळतो.

आठ महिन्यांचं मौन हा नकार समजू नका. रंगीत चित्रपुस्तक महाग पडतं, त्यामुळं प्रकाशक वर्षाला मोजकीच घेतात. एक नम्र स्मरणपत्र पाठवा, महिनाभर वाट बघा, मग दुसरीकडं द्या. पण पाठवण्याआधी त्या प्रकाशनाची चार-पाच पुस्तकं हातात घेऊन चाळा. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, चेन्नईच्या तूलिकाची द्विभाषिक पुस्तकं, प्रत्येकाचा आकार, पानं, मजकुराचं प्रमाण वेगळं. तुमची गोष्ट कुठं शोभेल ते पुस्तकं बघूनच कळतं.

आता खरं काम. तुम्ही गोष्ट पाच फुलस्केप पानांवर लिहून पाठवलीय. मोठ्यांची कथा तशी जाते, चित्रपुस्तक जात नाही. ए-फोरचे चार कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घालून मध्ये टाके मारा. सोळा पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, झाली. पहिलं पान नावाचं, दुसरं हक्क वगैरेचं. उरलेल्या चौदांत गोष्ट बसवा, पेन्सिलीनं, चित्राच्या जागी नुसते गोल काढले तरी चालतील. मग ध्यानात येईल की वाचणारा पान उलटतो ते उजव्या पानानंतर. म्हणून उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटच्या ओळीत आली पाहिजे आणि उत्तर पलीकडच्या पानावर. तुमच्या वटवाघळाच्या गोष्टीतलं ‘गुहेत काहीतरी फडफडलं’ हे वाक्य डाव्या पानावर पडलं तर त्याचा जीवच जातो, कारण उत्तर समोरच दिसत असतं.

अशीच एक डमी घेऊन मी एकदा निपाणीकडच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात बसलो होतो. तंबाखूच्या रानात चुकलेल्या करडाची गोष्ट. पाचव्या पानावर मी पहाटेच्या वर्णनाची तीन वाक्यं घातली होती, माझी आवडती. ती वाचताना अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला. सातव्या पानावर पुढच्या रांगेतल्या एका पोरानं वहीच्या पानावर सरळ हात ठेवला, उलटूच देईना. म्हणाला, “खरं त्याची आई कुठं गेली?” (आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.) आई पहिल्या वाक्यात होती, नंतर मी तिला विसरलो होतो. चार संपादकांना जे दिसलं नव्हतं ते त्याला दिसलं. तिथंच बसून पहाट खोडली आणि आईला बाराव्या पानावर आणलं. तुमच्यासमोर तर रोज वर्ग आहे, ताई. हे भाग्य पुण्यात बसलेल्या कितीतरी लेखकांना नाही.

भाषेबद्दल तुम्ही बिचकत विचारलंय, ‘काय करूलालास?’ (म्हणजे ‘काय करतोयस?’) असं लिहिलं तर प्रकाशक हसतील का. संवादात ठेवा. निवेदन प्रमाण मराठीत असू द्या, म्हणजे साताऱ्याचं पोरगंही अडखळणार नाही. पण आजी बोलते ती आपल्यासारखीच बोलू दे. एसटीच्या पाटीवरची कन्नड अक्षरं, दुकानात ‘एष्टु’ (किती) विचारणं, घरी मराठी, हे आपल्या मुलांचं रोजचं जगणं आहे आणि पुस्तकात ते जवळजवळ नाहीच.

विषय तर तुमच्या अंगणात आहेत. तुम्ही इथं टाकलेला वटवाघळाचा उतारा मला फार आवडला. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधलं मोठ्या कानांचं वटवाघूळ कित्येक दशकं जगात फक्त तिथलंच मानलं जायचं. त्या रानाला, भीमगडला, २०११मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आहे. हे पुण्या-मुंबईचा लेखक लिहील का? लिहिलं तरी पाहुणा म्हणून लिहील.

कराराचं मात्र पक्कं करा. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी, छापतायत याच आनंदात मी न वाचता सही केली. दोन हजार रुपयांत सगळे हक्क कायमचे गेले. पुढं त्या गोष्टीचा कन्नड अनुवाद करावा म्हटलं, तर माझीच गोष्ट मला देता येईना. कायदा लेखकाच्या बाजूचा आहे: हक्क लेखी, सहीनिशीच देता येतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी, सर्व भाषांत’ असं लिहिलेल्या कागदावर तुम्हीच सही केली तर या तरतुदी उपयोगी पडत नाहीत. भाच्याशीही कागद करा, घरचा असला तरी. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडं जातो. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर आणि मानधनात वाटा, हे आधीच ठरू दे.

दरम्यान एखादी छोटी गोष्ट बालभारतीच्या ‘किशोर’कडं पाठवा. हे मासिक १९७१पासून चालू आहे आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. निदान वीस अंक वाचूनच पाठवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी, कन्नड, कोकणी पुस्तकं मोफत आहेत, तुम्हीही तिथं लिहू शकता. पण तिथला परवाना खुला असतो, श्रेय देऊन कुणीही वापरू शकतो, व्यवसायासाठीसुद्धा. म्हणून वटवाघूळ तिथं टाकू नका, सरावाची गोष्ट टाका.

दोन बातम्या उमेद वाढवणाऱ्या. डिसेंबर २०२४मध्ये टपालाची स्वस्त नोंदणीकृत पुस्तकसेवा बंद झाली तेव्हा लहान प्रकाशकांचं कंबरडंच मोडलं होतं. १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलंय: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, आणि पार्सल कुठं पोचलं ते कळतं. जाहिराती असलेलं छापील मात्र त्यात चालत नाही. सोळा पानांचं पुस्तक खानापुरातून नागपूरला पाठवणं आता परवडतं. दुसरी बातमी, साहित्य अकादमीचा २०२५चा मराठी बालसाहित्य पुरस्कार, ५० हजार रुपयांचा, नांदेडच्या सुरेश सावंत यांना ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहासाठी मिळाला. नांदेडही पुण्या-मुंबईपासून लांबच आहे.

अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंत. १८४८पासूनचं वाचनालय ज्या बेळगावात आहे, कवयित्री इंदिरा संतांनी जिथं शिकवलं आणि लिहिलं, त्या भागात आजही कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कारदग्याला गावकरी वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात. मंडपात मोठ्यांचं सगळं असतं. सहा वर्षांच्या मुलानं हातात धरावं असं आपल्याच गावाचं पुस्तक त्या टेबलांवर मला जवळजवळ कधीच दिसलेलं नाही. शंभर प्रती काढल्या तर आधी तिथंच ठेवा, आणि पोरांना बसवून वाचून दाखवा.

डमी झाली की पानांचे फोटो इथं टाका. ‘गुहेत काहीतरी फडफडलं’ हे सातव्या पानावर आणा, आणि आठव्यावर शब्द एकही नको, नुसते कान.