१९८५ च्या बुलेट ३५० चं इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) घरी कसं लावायचं? (पॉइंटवाली, कोल्हापूर)

पिस्टन कॉम्प्रेशनवर (हवा दाबत वर जाताना) टीडीसीच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या जागेच्या, ०.८ मिमी आधी असताना पॉइंट (उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क) नुकते उघडायला हवेत. कंपनीने दिलेलं माप हेच, आणि ते ऑटो अॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असतानाचं.

आधी पॉइंट घासून गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करा. हे नंतर केलं तर टायमिंग पुन्हा हलतं. प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागच्या चाकाने इंजिन फिरवा. ०.८ च्या बरंच मागे जाऊन पुढे येत थांबा, नाहीतर गिअरमधला लूज माप चुकवतो. पॉइंटची वायर आणि बॉडी यांत बॅटरीच्या व्होल्टचा बल्ब जोडून इग्निशन चालू करा. पॉइंट बसवलेल्या बेस प्लेटचे स्क्रू ढिले करून प्लेट फिरवा. बल्ब पेटला तिथे पॉइंट उघडले. बल्ब नसेल तर सिगारेटचा कागद पॉइंटमध्ये धरा, तो जिथे अलगद सुटतो तीच जागा.

किक उलटी मारत असेल तर टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी लवकर पडतेय. पन्हाळ्याच्या चढाला दम लागून सायलेन्सरचा बेंड निळा पडत असेल तर मागे, म्हणजे उशिरा.

फक्त एक: प्लगचं भोक तिरकं आहे, त्यामुळे त्यातून स्पोक घालून घेतलेलं पिस्टनचं माप अंदाजाचंच. उद्यमनगरात डायल गेज (काट्याचं अचूक मापक) मिळेल, तोही पिस्टनच्या रेषेत बसवा.