वाचक विचारतात : रस्त्याच्या अलीकडे चार, पलीकडे आठ

प्रश्न : 2021 च्या जूनमध्ये आमच्या दुकानापासून दोनशे पावलांवर पुणे महापालिकेची हद्द होती. गिऱ्हाईक तेच, कोरोनाची साथ तीच, तरी दुकानांचे नियम वेगळे. ही रेषा कोणी आखली?

उत्तर : साथीसाठी म्हणून ती कोणी आखलीच नाही. राज्य सरकारच्या 4 जून 2021 च्या आदेशाने निर्बंधांचे पाच स्तर केले (पहिला सर्वांत सैल, पाचवा सर्वांत कडक) आणि 7 जूनपासून ते लागू झाले. ज्या महापालिकांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर होती, त्या स्वतंत्र घटक धरल्या. जिल्ह्याचा उरलेला भाग दुसरा घटक. म्हणजे तुमचं दुकान ज्या घटकात मोजलं गेलं, त्यात तुमच्या शेजारचं उपनगरही होतं आणि पन्नास-साठ किलोमीटरवरचं गावही.

जनगणना दहा वर्षांची जुनी, हा आणखी एक घोळ. 9,51,558 लोकसंख्येचं सोलापूर या निकषात बसेना; स्वतंत्र घटकाची मागणी तिथून उठली यात नवल नाही. दहा लाख ही प्रशासनाच्या सोयीची संख्या आहे. साडेनऊ लाखांच्या शहरात विषाणू वेगळा वागत नाही.

पुण्याची हद्दही त्याच महिन्यात हलली. 30 जूनला वाघोली, मांजरी बुद्रुक धरून 23 गावं महापालिकेत आली. आदल्या दिवशी ‘उर्वरित जिल्ह्या’तलं दुकान दुसऱ्या दिवशी कागदोपत्री शहरात!

प्रश्न : आमच्याकडे पॉझिटिव्हिटी (शंभर चाचण्यांमागे बाधित) चार टक्क्यांच्या आत होती, तरी तिसरा स्तर लागला. हिशेब चुकला होता का?

उत्तर : बहुधा नाही. खोच ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन शब्दांत आहे. पहिल्या स्तरासाठी पॉझिटिव्हिटी 5 टक्क्यांच्या आत आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा 25 टक्क्यांच्या आत, अशा दोन्ही अटी लागत. तिसऱ्यात ढकलायला मात्र एक पुरे : पॉझिटिव्हिटी 5 ते 10 किंवा खाटा 40 टक्क्यांवर. तुमच्याकडे खाटा 45 टक्के भरल्या असतील तर चार टक्क्यांचा काही उपयोग नव्हता.

आणि खाटा भरणारे रुग्ण त्याच हद्दीतले असतात असंही नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जिल्हाभरातून लोक येतात, कोकणातून आणि सीमेपलीकडूनही येतात. मोठं रुग्णालय ज्या हद्दीत, तिथल्या खाटा आधी भरणार. रुग्णालय चांगलं असल्याची ही शिक्षाच म्हणायची.

दुसरी गोम चाचण्यांची. उदाहरणापुरते आकडे घेऊ. आरटीपीसीआर (प्रयोगशाळेतली, जास्त खात्रीची चाचणी) 1,000 केल्या, 90 बाधित निघाले : 9 टक्के. त्यात 3,000 अँटिजेन (झटपट, पण काही बाधित निसटू देणाऱ्या) मिसळल्या आणि त्यांतही 90 च निघाले, तर 4,000 मागे 180, म्हणजे साडेचार टक्के. रोग तेवढाच, पण तिसरा स्तर टळला. बाजारात, नाक्यावर सरसकट अँटिजेन करून आकडा खाली आणणं सोपं होतं. 25 जूनच्या आदेशाने म्हणूनच फक्त आरटीपीसीआरचा आकडा धरायला सांगितलं. त्याच आदेशाने आकडे कितीही उतरले तरी तिसऱ्यापेक्षा सैल स्तरात कोणी जायचं नाही, असंही ठरलं. कारण डेल्टा प्लस हा विषाणूचा नवा प्रकार.

प्रश्न : ऑगस्टमध्ये पुणे शहर का अडकलं?

उत्तर : घटक बदलला म्हणून. 2 ऑगस्टच्या आदेशात सवलती जिल्हावार दिल्या. 11 जिल्हे तिसऱ्या स्तरावर राहिले, त्यात पुणे. इतरत्र दुकानं रात्री आठपर्यंत, इथे दुपारी चारपर्यंत. पुन्हा कल्पित आकडे घ्या : शहरात 10,000 चाचण्यांत 350 (साडेतीन टक्के), ग्रामीण भागात 8,000 त 720 (नऊ टक्के). बेरीज केली की 5.9 टक्के. शहराचा आकडा बेरजेत नाहीसा होतो. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार यांनी 8 ऑगस्टला शहर व पिंपरी-चिंचवडसाठी आठपर्यंतची वेळ जाहीर केली, पॉझिटिव्हिटी 7 टक्क्यांवर गेली तर सवलत मागे घेण्याच्या अटीवर. ही तक्रार रास्तच होती. पण आवाज मोठा असलेल्या शहराला दिलासा लवकर मिळतो, हेही तितकंच खरं.

प्रश्न : मग तालुकावार किंवा वॉर्डवार निर्बंध हा न्याय्य मार्ग नव्हता का?

उत्तर : वाटतो तितका नाही. आठवड्याला 150 चाचण्या होणाऱ्या गावात 6 बाधित म्हणजे 4 टक्के, 9 बाधित म्हणजे 6. एका घरातली तीन माणसं बाजारपेठेचं शटर पाडणार! शिवाय चार वाजता इथलं बंद झालं की गिऱ्हाईक शेजारच्या तालुक्यात जातं, आणि गर्दी तिथे होते. आमच्या मते घटक ठरवायचा तो रोजच्या ये-जा करण्यावर : कामाला, बाजाराला, दवाखान्याला माणसं जिथवर जातात तेवढा पट्टा एक. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवतीची गावं असा. त्याच्या आत जिथे रुग्ण खरोखर एकवटले, तिथे इमारत किंवा गल्लीपुरतं प्रतिबंधित क्षेत्र.

प्रश्न : आमच्या हद्दीचे त्या वेळचे आकडे आता तपासता येतील का?

उत्तर : माहिती अधिकारात मागा. महापालिका हद्दीसाठी पालिकेच्या आरोग्य विभागाचे जनमाहिती अधिकारी, ग्रामीणसाठी जिल्हा परिषदेचे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज 150 शब्दांत, विषय एकच. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘पॉझिटिव्हिटी किती होती’ एवढंच विचाराल तर एक टक्केवारी हातात येईल आणि पुढे काही कळणार नाही. आठवड्याच्या तारखा लिहा. आरटीपीसीआर व अँटिजेन यांच्या चाचण्या आणि बाधित वेगवेगळे मागा. रुग्ण राहत्या पत्त्यावर मोजला की प्रयोगशाळेच्या ठिकाणावर, याची नोंद मागा. शहरातल्या लॅबमध्ये तपासलेला गावकरी कोणाच्या खात्यावर पडला ते त्यातूनच कळतं. खाटांचा विषय वेगळा पडतो, त्यासाठी दुसरा अर्ज करा : त्याच आठवड्यातल्या एकूण व भरलेल्या ऑक्सिजन खाटा, रुग्णालयवार.