अस्वल आणि खवले मांजर, नातं लागतं का यांचं?

प्रश्न: आमचं गाव चिपळूणजवळ, रानात खवले मांजर आहे. मामाचं गाव चंद्रपूरकडे, तिथे अस्वल. दोघंही वारूळ फोडून वाळवी खातात म्हणे, मग हे नात्यातले का? आणि डेंजर कोण जास्त?

उत्तर: नातं आहे, पण फार लांबचं. खवले मांजर हे मांजर नाहीच, त्याचा गटच वेगळा, पण त्या गटाच्या सगळ्यात जवळचे कोण, तर कुत्रा-मांजर-अस्वलवाले मांसाहारी, म्हणजे आपल्या लोकांनी नाव अगदीच उगाच नाही ठेवलं!

खाणं सेम, पण टेक्निक बघा. अस्वलाला वरचे मधले पुढचे दोन दात नसतातच, ते वारूळ उकरतं, फू करून माती उडवतं, नाकपुड्या बंद करतं आणि ओठांची नळी करून व्हॅक्यूम क्लीनरसारखी वाळवी ओढतं, तो आवाज शंभर मीटरवर पण येतो. ती लांब नखं आणि दातांची फट बघून १७९१ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला चक्क स्लॉथ (अमेरिकेतल्या झाडांवर लोंबकळणारा सुस्त प्राणी) समजून तसंच नाव देऊन टाकलं, इंग्रजीत अजून ‘स्लॉथ बेअर’च चालूय. खवले मांजराला तर एकही दात नाही, लांब चिकट जीभ आहे जिचं मूळ पार छातीच्या हाडाच्या टोकाशी, आणि चावायचं काम पोटात, कोंबडीसारखे खडे गिळून.

पिल्लू मात्र दोघीही वागवतात, अस्वलीण पाठीवर, ही शेपटीवर.

डेंजर अस्वलच, प्रश्नच नाही. वाघाच्या रानात राहायचं म्हणून दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं. मोहाच्या सीझनला माणसं पहाटे फुलं वेचायला जातात आणि अस्वलालाही तीच फुलं हवी असतात, मामांना सांगा एकटं जाऊ नका, मोठ्याने बोलत जा. खवले मांजर घाबरलं की गोळा होऊन बसतं, बिबट्याचे दात त्या खवल्यांवर चालत नाहीत, पण माणसाला काय, गोळा उचलला आणि पोत्यात टाकला, झालं. खवले म्हणजे आपल्या नखांचंच द्रव्य, औषध-बिषध काही नाही त्यात, तरी तस्करी चालते. २०१६ ला आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. तुमच्याकडे कुणी गिऱ्हाईक विचारत आलं तर सरळ वनखात्याला फोन करा.