तळे आम्लधर्मी झाले की मासे कसे नाहीसे होतात?

प्रश्न : पाणी आम्लधर्मी झाले, तर मेलेले मासे तरंगताना दिसतात का?

उत्तर : बहुधा नाही, आणि म्हणूनच हे नुकसान उशिरा ध्यानात येते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर हे तळ्यांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६पासून २२३ क्रमांकाच्या तळ्यात प्रयोग म्हणून मोजूनमापून सल्फ्युरिक आम्ल सोडले आणि आठ वर्षांत पाण्याचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितके पाणी अधिक आम्लधर्मी) ६.८ वरून ५.० पर्यंत उतरवला. सामूची मोजपट्टी दसपटीची असल्यामुळे, म्हणजे एक अंक उतरला की आम्लता दहापट होत असल्यामुळे, ती साठपटींहून अधिक वाढली. सामू ५.८ च्या आसपास असतानाच मायसिस हे कोळंबीसारखे जीव आणि फॅटहेड मिनो ही छोटी मासळी तळ्यातून नाहीशी झाली. लेक ट्राउट हा मोठा मासा मात्र तग धरून होता. पण त्याची नवी पिल्ले येणे थांबले, आणि खाद्य संपल्याने थोराड मासे पार खंगले. त्या काळात कोणी नुसती मोजदाद केली असती, तर तळे ठीकठाक आहे असाच निष्कर्ष निघाला असता. म्हणून मासे किती आहेत याआधी ते कोणत्या वयाचे आहेत, हे खवल्यांवरील वलयांवरून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : आम्लामुळे माशाला नेमके काय होते?

उत्तर : कल्ल्यांतून शरीरातील सोडियम झिरपून जाते आणि ते भरून काढणे माशाला जमत नाही. शिवाय आम्लधर्मी पाण्यामुळे मातीतील ॲल्युमिनियम विरघळून तळ्यात उतरते, कल्ल्यांवर साचते आणि श्वसन अवघड करते. पाण्यात कॅल्शियम कमी असेल, तर हा त्रास अधिकच वाढतो.

प्रश्न : चुनखडी टाकून तळे सुधारते का?

उत्तर : तात्पुरते सुधारते. स्वीडन आणि नॉर्वेत अनेक दशके हा उपाय चालू आहे; पण पाऊस आम्लधर्मी राहिला, तर चुनखडी पुन्हा पुन्हा टाकावी लागते. खरा इलाज पाऊस आम्लधर्मी करणारा, धुराड्यांतून निघणारा गंधकाचा धूर रोखणे हाच आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या तलावात मासे मेले. हेच कारण असेल का?

उत्तर : गाव दख्खनच्या पठारावर असेल, तर शक्यता कमी आहे. काळ्या पाषाणाच्या झिजेतून पाण्यात बायकार्बोनेट येते आणि ते आम्लाला निष्प्रभ करते. ऑन्टारिओतील ग्रॅनाइटच्या प्रदेशात ही सोय फारशी नाही. आपल्याकडे सांडपाणी आणि शेवाळ यांमुळे प्राणवायू घटणे, हे कारण आधी तपासावे. प्राणवायूची पातळी पहाटे सर्वांत खाली जाते, म्हणून दुपारी मोजणी करून तलावाला निर्दोष ठरवू नये.