चढावर गाडी थरथरते? आधी कॉइलची अदलाबदल करून बघ

मित्रा, नवीन पार्ट इतक्यात घेऊ नकोस. थरथर नेमकी कधी येते ते आधी बघ. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलतानाच हिसके बसत असतील तर संशय क्लचवर. इंजिन सुरळीत वाजतंय, पण वेग घेताना गाडी थरथरते आणि पाय सोडताच शांत होते, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट तपासून घे.

तू मात्र सांगतोस की चढावर दाबलं की गचके बसतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. हा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. दिवा लुकलुकत असताना गाडी अजिबात रेटू नकोस. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं, आणि तो भाग फार महाग असतो.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लाव. पी०३०२ हा कोड आला तर दोष दुसऱ्या सिलिंडरमध्ये. प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर इंजिन गार झाल्यावर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर लाव आणि कोड पुसून चक्कर मार. कोड पी०३०३ झाला की समज, कॉइलच गेली. तिथेच राहिला तर प्लगचीही अशीच अदलाबदल कर. तरीही कोड हलला नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायचं, ते मेकॅनिककडे.

खंबाटकी घाट चढताना माझ्या गाडीला हेच झालं होतं. मी फ्युएल पंप बदलून बसलो, दोष एका कॉइलचा निघाला. म्हणून इतकं कळकळीनं सांगतोय.